केळी वर बघतात

"आजोबा, मी फर्डी आजोबांकडे जाऊ?" इशितानं विचारलं तेव्हा मी ओट्यावर चटया अंथरत होतो. विचारलं कसलं, पायात चपला घालूनच बोलत होती.

"जा की," मी म्हणालो. शिक्षकाला मनातलं चेहऱ्यावर न आणणं जमलं पाहिजे.

इशिता माझी नात. तुळिंजला चौथ्या मजल्यावर राहते आणि दर मे महिन्यात सांडोरला माझ्याकडे येते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी सुट्टीत गावातल्या मुलांना चित्रकला शिकवतो. गेल्या वर्षी अकरा मुलं होती आणि इशिता सगळ्यांत पुढे, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून. यंदा समोरच्या फर्डिनंडनं आपल्या पडवीत व्हायोलिन शिकवायला काढलं. आठवड्याभरात माझ्याकडे चार मुलं उरली. त्यांतली दोघं जुळी. त्यांची आई माझी विद्यार्थिनी, अजून मला घाबरते, म्हणून ती दोघं येतात.

फर्डिनंडचा हेवा मला नवा नाही. लहानपणी उन्हाळ्याच्या दुपारी आम्ही बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठी बसायचो. मी विटेच्या तुकड्यानं दगडावर चित्रं काढायचो, तो शीळ घालायचा. लग्नातल्या बँडची धून एकदा कानावर पडली की संध्याकाळपर्यंत ती त्याच्या ओठांवर. पोरं माझं चित्र बघायला यायची आणि त्याची शीळ ऐकत बसायची. माझा सा कधी लागलाच नाही. शिवाय चित्र चुकलं की खोडावं लागतं आणि खोडल्याचा डाग राहतो. त्याचा चुकलेला सूर मात्र वाऱ्यावर निघून जायचा. साठ वर्षं मला हा अन्याय वाटत आलाय.

रविवारी इशिता परत जाणार होती. त्याआधी एक सकाळ तरी तिनं माझ्या चटईवर बसावं, एवढंच मला हवं होतं. पण तोंड उघडून ते सांगणं मला जमत नव्हतं.

चपला घालून गेली त्याच दिवशी दुपारी ती घरी आली ती हातात कागद घेऊन.

"हे काय? व्हायोलिन शिकायला गेली होतीस ना?"

"तार तुटली. मग फर्डी आजोबा म्हणाले, चला वाडीत, चित्रं काढू."

आता चित्रंही त्याच्याकडेच! मी चष्मा लावला. कागदावर केळीचा लोंगर होता. शहरात घड म्हणतात, आम्ही लोंगर म्हणतो. खाली केळफूल लोंबत होतं, आणि सगळी केळी टोकं वर करून आभाळाकडे बघत होती. खोटं कशाला बोलू, चूक दिसली आणि मला आतून गार वाटलं.

"हे उलटं झालंय, बाळा," मी अगदी गोड आवाजात म्हणालो. "केळी जड असतात. जड वस्तू खाली लोंबते." खोडरबर घेतलं, तिची केळी पुसली आणि खाली तोंड करून नवी काढली. सराईत हात होता. चौथीच्या स्मरणचित्रासाठी छत्तीस वर्षं हाच घड मी फळ्यावर काढत आलो होतो.

"पण मी बघून काढलं होतं, आजोबा."

"बघायलासुद्धा शिकावं लागतं."

ती रडली नाही. तिनं कागद उचलला आणि सरळ समोर गेली.

पाच मिनिटांत कुंपणापाशी आवाज आला. "दिना! बाहेर ये. आणि चष्मा घे बरोबर."

फर्डिनंड पुढे, मागे मी. इशिता आमच्या दोघांच्या मधे, कुणाकडेच न बघता चालत होती. वाडीत पहिल्याच केळीपाशी फर्डिनंड थांबला.

"बघा, मास्तर."

दांडा खाली वाकला होता, तळाशी केळफूल होतं, आणि एकेका फणीतली केळी वळून वर बघत होती. दुसऱ्या केळीपाशी गेलो. तिथंही तेच. तिसरी बघायचं धाडस झालं नाही.

"बापाची एवढी वाडी, आणि लोंगर ठाऊक नाही?" फर्डिनंड हसत सुटला. "अरे, नायगावपासून विरारपर्यंत पोरांनी उलटी केळी काढली असतील तुझ्यापायी!"

"मला वाडीत येऊ कोण देत होतं? बाबा म्हणायचे, शाईचे हात चिखलात घालायचे नाहीत. मी पुस्तकातलं बघून शिकलो."

"ठाऊक आहे. मी लोंगर उतरवायचो आणि तू ओट्यावर रंगपेटी उघडून बसायचास." तो हसायचा थांबला. "बारा रंगांची होती. मी रोज मोजायचो. असा जळायचो तुझ्यावर!"

इशिता कागद धरून उभी होती. तिनं काढलेल्या केळ्यांच्या पुसट खुणा माझ्या केळ्यांमागून अजून दिसत होत्या.

त्या रात्री मी स्वतःशी बरीच वकिली केली. पोरं लहान आहेत, विसरतील. चुकीच्या केळ्यांनी कुणाचं काय बिघडलं? पण वर्गात चुकीचं उत्तर कबूल करणाऱ्या पोराला मी नेहमी शाबासकी देत आलो होतो.

सकाळी माझ्या चार मुलांना घेऊन मी फर्डिनंडच्या पडवीत गेलो. "केळी वर बघतात," मी म्हणालो. "मी इतकी वर्षं चुकीचं शिकवलं. इशितानं बघून बरोबर काढलं होतं, आणि मी ते पुसलं. ती माझी चूक."

जुळ्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "आईलापण सांगायला पाहिजे."

इशिता माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, आपण परत काढू. वाडीत बसून. पण व्हायोलिन झाल्यावर हां."

"किती वाजता?"

"अकराला."

मी पडवीच्या कडेला बाकावर बसलो. फर्डिनंडनं तिचं बोट तारेवर नीट ठेवलं, सूर लागला, ती खुदकन हसली, आणि मला पुन्हा तेवढाच हेवा वाटला. अकराला अजून पाऊण तास होता. मी बसून राहिलो.