धुतल्याशिवाय चैन नाही

वाचकहो, अडाण्याला शिकवता येतं, पण पदव्यांखाली मुरलेल्या हेकटाला काय शिकवणार? औषधांच्या कारखान्यातले मोठे सर असेच होते. चिमूटभर पदार्थ करायचा तर कॅनभर द्रावक ओतायचे. आधी विरघळवायला, मग धुवायला, मग चंबू विसळायला. कोणाचं डोकं दुखलं की म्हणायचे, "हा वास म्हणजे आपल्या धंद्याचं अत्तर!" वापरलेलं द्रावक पिंपांत भरून कुठल्याशा भट्टीत जळायला जाई. तो धूर कोणाच्या नाकात जातो याची चौकशी करायला सरांना फुरसत नव्हती.

त्यांची सख्खी भाची त्यांच्याच हाताखाली होती. तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी द्रावकाच्या वाफांपासून लांब राहायला बजावलं होतं. सरांनी फर्मान काढलं, "मग प्रयोगशाळा सोड. ऑफिसात बसून फायली लाव."

"दुसरा मार्ग आहे, सर," ती म्हणाली. घरी मामा, इथे सर. "दोन्ही पावडरी स्टीलच्या गोळ्यांसोबत डब्यात घालायच्या आणि डबा यंत्रावर जोरात हलवायचा. गोळ्यांच्या माऱ्यानेच क्रिया होते, द्रावकाचा थेंब लागत नाही. सगळ्याच क्रियांना जमत नाही, पण आपल्या या पदार्थाला जमेल."

"म्हणजे कांडप!" सर खो खो हसले. "एवढं शिकून मुसळ घेणार हातात?"

"द्रावक आपण घालतो ते कण एकमेकांना भेटावेत म्हणून ना? ते काम गोळ्या करत असतील तर ओतायचं कशाला?"

"करून दाखव. फसलं तर उद्यापासून फायली!"

डबा बराच वेळ खडखडला. प्रयोगशाळेतले सगळे कानांवर हात ठेवून फिदीफिदी हसत होते. उघडला तर आत पिवळी भुकटी! तपासली, तर चोख. क्रियेत सुटलेलं किंचित पाणी वाळवलं की काम संपलं. सर वरमले, पण हात कुठला ऐकतो! "बरी आहे," म्हणत त्यांनी भुकटी चंबूत टाकली, कॅन उचलला आणि वाफा ओढणाऱ्या कपाटापर्यंत जायचे कष्टही न घेता, उघड्या टेबलावरच भडाभडा द्रावक ओतलं.

वास खोलीभर पसरला. भाची नाकाला ओढणी लावून, पोटावर हात धरून दाराबाहेर पळाली. तिथूनच ओरडली, "मामा, हे काय करताय?"

"धुऊन घेतोय."

"काय धुताय? तिच्यात मळ होता कुठे?"

सरांनी ओतणं थांबवलं. उभ्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःला तर नाहीच नाही. आणि पोरीने कामावर पहिल्यांदाच 'मामा' म्हटलं होतं, हे त्यांच्या आता ध्यानात आलं. त्यांनी कॅनचं झाकण घट्ट लावलं.

"चुकलो गं बाई," ते म्हणाले. "अरे, बघताय काय? खिडक्या उघडा!"

यंत्राला वेगळी खोली मिळाली आणि भाचीचं काम टिकलं. दारावरची पाटी सरांनी स्वतः लिहिली: 'कांडपघर. कॅन बाहेर ठेवून या. मोठ्या सरांनीसुद्धा.'

लोक हसले. हसू द्या! पण मित्रांनो, आपण रोज जे करतो ते गरज आहे म्हणून करतो की हाताला वळण पडलंय म्हणून, हे एकदा स्वतःला विचारा. सवयीला शास्त्र म्हणून मिरवलं तरी तिची वाफ शेवटी आपल्याच माणसांच्या छातीत जाते.