शेंदराखालचा शेंडा

सिंगापुरातल्या पुंगोलमधल्या एका ब्लॉकच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. हिमदासबाबा हिमालयातून त्रिशूळदंड घेऊन आले होते. अक्रोडाच्या कोवळ्या रोपांच्या वाळलेल्या काठ्या त्या. प्रत्येकीला वर तीन फांद्या, थेट त्रिशूळासारख्या, आणि बेचक्यात थापलेला शेंदूर.

"एका खोऱ्यातली शेकडो रोपं," बाबा डोळे मिटून सांगत होते, "एकाच वसंतात, एकाच उंचीवर त्रिशूळ झाली. माणसाचा हात लागलेला नाही. तुमचं सायन्स काय म्हणतं, बोला."

सायन्स शिकलेले सगळे समोर मांडी घालून बसले होते. एकानं काठीचा फोटो काढून पुण्याला आईला पाठवला, बाकीच्यांनी हात जोडले.

मधुवंती पहिल्याच रांगेत होती. तिच्या सहा वर्षांच्या रुचिरला फिट्स येत. औषधांनी त्या कमी झाल्या होत्या, थांबल्या नव्हत्या. फिट ओसरली की तो आईकडे अनोळखी नजरेनं बघायचा, आणि त्या नजरेपुढे तिची इंजिनिअरिंगची पदवी काही कामाची नव्हती.

"उशाशी ठेवा," बाबांनी तिच्या हातात दंड दिला. "पण दंड शीत, औषध उष्ण. दोन्ही एका घरात नांदत नाहीत. गोळ्या बंद."

मधुवंतीनं मान डोलावली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर अख्खी काठी मिळाली होती.

संध्याकाळी तिची मैत्रीण गार्गी आली. बुओना व्हिस्टा भागातल्या एका प्रयोगशाळेत ती झाडांच्या वाढीवर काम करायची. दंड पाहून आणि खोऱ्याची गोष्ट ऐकून ती हसली, पण गोळ्या बंद केल्याचं ऐकून तिचा चेहरा उतरला.

"आधी गोळी दे. ही औषधं अशी एकदम तोडली तर आलेली फिट थांबतच नाही. जिवावर बेततं."

"गोळीनं काय झालंय? मी थकलेय गं. मला आता कुणाच्या तरी पायावर डोकं ठेवायचंय. देवाशिवाय असे त्रिशूळ होतात, हे दाखव. मग देते."

गार्गीनं दाराबाहेरच्या तुळशीकडे बोट केलं. "हिचा शेंडा का खुडतेस?"

"बाजूनं फुटावी म्हणून." मधुवंती थबकली. "पण हिमालयात कोण खुडायला गेलं?"

"थंडी. वसंतात कोवळे शेंडे फुटले आणि उशिरा एका रात्री दव गोठलं. शेंडे जळाले. मग खालचे डोळे, म्हणजे बाजूचे झोपलेले कोंब, जागे झाले आणि सगळेच वर चढायला लागले. रोपं एका वयाची, म्हणून उंची सारखी. थंडी सगळ्या खोऱ्यात पडली, म्हणून शेकडो. दोन फाट्यांची, चार फाट्यांची रोपंही असतील, ती बाबांनी आणली नाहीत. आपण पुण्या-मुंबईचे, राहतो सिंगापुरात. झाडावर गोठलेलं दव पाहिलंय कुणी? म्हणून हे आपल्याकडे खपतं."

मधुवंतीनं चमच्यानं शेंदूर खरवडायला घेतला.  आपण पाप करतोय असंच तिला वाटत होतं. शेंदूर निघाला तसा तिन्ही फांद्यांच्या मधोमध एक काळा, वाळका खुंट दिसला. जळून मेलेला शेंडा.

ती खालीच बसली आणि रडू लागली. "मग माझ्याकडे उरलं काय?"

"अर्धवट लागू पडणारं औषध," गार्गी म्हणाली. "आणि डॉक्टर. उद्या मी येते तुझ्याबरोबर."

मधुवंतीनं रुचिरला गोळी दिली. त्या आठवड्यात त्याला पुन्हा फिट आली, हे लपवण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी डोस बदलला, पण बरं वाटेलच असं वचन दिलं नाही. वचन फक्त बाबा देतात.

पुढच्या रविवारी बाबांच्या समोरच मधुवंती खरवडलेला दंड घेऊन उभी राहिली. तुळशीपासून खुंटापर्यंत तिनं सगळं सांगितलं. "श्रद्धा कमी पडली," बाबा पुटपुटले.

"असेल," ती म्हणाली. "पण तुम्ही सगळे आपापला शेंदूर खरवडून बघा. देव असेल तर खरवडल्यानं जाणार नाही. आणि ज्यांनी औषध बंद केलं असेल त्यांनी आत्ता डॉक्टरांना फोन करा. लाज नंतर वाटून घेता येईल."

 मग मागच्या रांगेतला निशिकांत उठला आणि खांबाआड जाऊन त्यानं घरी बायकोला फोन लावला. "अरुणा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "आईची शुगर बघ. मी इन्सुलिन बंद करायला सांगितलं होतं."