बँकेनं भंडारा उचलला न्हाई

मला गोड बोलता येत न्हाई, आधीच सांगून ठेवते. मेंढरामागं वरडून वरडून गळा असा झालाय. पण बचत गटाच्या बायांनी मला अध्यक्ष केलं ते ह्या गळ्यापायीच. बँकेत कुणीतरी मोठ्यानं बोलणारी पायजे, म्हणल्या.

आमचं गाव बिदरकडं, संतपूरच्या पलीकडं, माळाला. गावाला एकच हीर, खालच्या अंगाला, चिंचेजवळ. नळ हायत, पण त्याला पाणी कवा येतंय ते नळालाच ठाऊक. उन्हाळ्यात माणसं, मेंढरं, सारी हिरीवर. आजूबाजूला बोअर पडाय लागले तसं तिचं पाणी खाली गेलं. अन् बोअर पडायले कशावर? बँकेच्या कर्जावर. आमच्या गटाची बचत त्याच बँकेत. "म्हंजे आपल्याच पैशानं आपली हीर आटायलीय की," कोंडाबाई म्हणली. ही माझी शेजारीण, दिवसात चार शब्द बोलती, पण ते डोक्यातून जात न्हाईत.

तवाचे मॅनेजर चनमल्लप्पा म्हणून होते. देवमाणूस. आमी त्यांना हिरीवर आणलं अन् वाकून आत बघायला लावलं. त्यांनी बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग म्हणले, हिरीच्या आसपास बोअरला कर्ज देणार न्हाई. त्याच्याऐवजी मेंढराला देतो, बांधबंदिस्तीला देतो, तळ्यातला गाळ शेतात टाकायला देतो. तळं बी खोल होतंय अन् रान बी सुधारतंय.

आमच्यात नुसत्या तोंडी शब्दाला किंमत न्हाई. त्यांना मैलारदेवाच्या, म्हंजे आमच्या खंडोबाच्या, ठाण्यावर नेलं अन् भंडारा उचलायला लावला. देवापुढची हळद हातात घिऊन शब्द दिला की तो मोडायचा न्हाई, भावाभावातले तंटे आमी असेच मिटवताव. चनमल्लप्पा लिंगायत माणूस, इभूत लावणारा, पण का-कू न करता उचलला, कपाळाला बी लावला. बँकेनं भंडारा उचलला म्हणून बाया घरी नाचतच गेल्या.

पुढचे उन्हाळे बरे गेले, खोटं कामून बोलू? गाळ काढून काढून तळं खोल झालं, त्याचा पाझर हिरीला लागला. कर्जं बी वेळेवर फिटली. मग चनमल्लप्पांची बदली झाली, गुलबर्ग्याकडं. आमी शाल-नारळ दिला, डोळे पुसले अन् निवांत झालाव. शब्द दिलेला होता की.

नवे आले हणमंतराव. त्यांच्या पहिल्याच साली चिंचेपलीकडं बोअर पडला, बँकेच्या कर्जाचा. त्या उन्हाळ्यात हिरीत चिखल. मेंढरं चिखल चाटायली. कोंडाबाईची सून बाळंत झाली तर लेकराला धुवायला पाणी न्हाई. माझं डोकं असं फिरलं की बोलायची सोय न्हाई. वाटीत भंडारा घेतला, बाया घेतल्या अन् सरळ बँक गाठली. वाटी हणमंतरावांच्या टेबलावर आपटली अन् तोंडाला येईल ते बोलले. देवापुढचा शब्द तुमी मोडला म्हणलं, तुमचं वाटोळं होईल म्हणलं.

ते चिडले न्हाईत. सगळ्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला. मग म्हणले, "अक्का, मी आत्ता उचलतो भंडारा. पण तीन वर्षांनी मी बी जाणार. चनमल्लप्पांचा शब्द त्यांच्याबरोबर गेला. भंडारा माणसानं उचलला होता, बँकेनं न्हाई."

मला त्या माणसाचा लई राग आला, कारण तो खरं बोलायला होता. आमी देवाला साक्षी ठेवलं, पण बँकेला देव नसतो हे आमच्या टाळक्यात आलंच न्हाई. मग बँकेला बांधायचं कशानं, मी इचारलं. त्यांनी समजावून सांगितलं. बोअरसाठी शेत तारण ठेवता येतं, म्हणून वरची मंडळी लगेच हो म्हणतात. हीर कुणाच्याच नावावर न्हाई, तिच्या बाजूनं बोलायला कागदावर कुणी न्हाई. पण शाखेचं नाव तुमच्या गटांवर चालतं. सगळ्या गटांनी मिळून मागणी केली तर मी नियमच करून आणतो. हिरीच्या आसपास बोअरला कर्ज पायजे असंल तर आधी गटाची संमती. मॅनेजर कुणी बी येवो.

अन् मग म्हणले, "पण मग न्हाई म्हणायचं तुमच्या तोंडी येईल. चालंल?"

"चालंल," मी म्हणले. "आमचं तोंड दांडगंच हाय."

बिदरच्या मोठ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, गावोगावच्या गटाच्या बाया गोळा केल्या, अन् नियम झाला. आमी पेढे वाटले. पेढ्याची चव जायच्या आत पहिला अर्ज आला. नागराजचा.

नागराज माझा एकुलता एक. कोळारला गोदामात पोती उचलायचा. पाठ गेली तसं ठेकेदारानं काढून टाकलं, अन् तो बायको अन् पोरगी तेजश्रीला घिऊन घरी आला. आमचं रान हिरीला लागूनच. त्याला आलं लावायचं होतं. आल्याला पाणी लागतं. एक तर बोअर, न्हाईतर हैद्राबाद, त्यानं मला जेवताना सांगितलं होतं. तेजश्री माझ्याच ताटात जेवायली होती.

गटाची बैठक देवाच्या ठाण्यावर बसली. अर्ज वाचला. सगळ्या माझ्याकडं बघायल्या. नागराज पारापाशी उभा होता. शेवटी कोंडाबाई बोलली, जिच्या नातवाला धुवायला पाणी नव्हतं तीच.

"जगदेवी, तुझं पोरगं हाय. तू व्हय म्हण, आमी व्हय म्हणताव."

तिनं भांडायला पायजे होतं. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. त्या घडीला मला वाटलं, जळो ती हीर अन् जळो तो नियम. माझं पोरगं माझ्या दारात राहू दे. असं वाटलं, लपवत न्हाई. पण तिच्या नातवाचं तोंड डोळ्यापुढनं हलंना.

मी न्हाई म्हणले.

नागराज पारापासनं तसाच घराकडं वळला. मी घरी आल्यावर त्यानं इचारलं, "परक्याच्या पोराला बी न्हाईच म्हणली असतीस, अव्वा?" मी व्हय म्हणले. त्यानं मान हलवली. हणमंतराव स्वतः दारात आले, मेंढराला कर्ज देतो, ठिबकाला देतो म्हणले. पण ठिबकाला बी पाणीच लागतं, अन् मेंढरामागं हिंडायची पाठ त्याची राहिली नव्हती. पंचमीच्या आधी तिघं हैद्राबादच्या गाडीत बसले. तिथं एका इमारतीवर राखणदारीचं काम मिळालं त्याला.

औंदा हिरीला पाणी हाय. बँकेचे लोक मोटार घिऊन आले, म्हणले तुमचा नियम आता दुसऱ्या शाखांत बी लावायलाव. मला हिरीच्या काठावर उभं करून फोटो काढला, अक्का जरा हसा म्हणले. मी हसले, कसं ते मलाच ठाऊक.

परवा नागराजचा फोन आला. मागं बायांचं भांडण ऐकू यायलं होतं, टँकर आला होता म्हणं. त्यानं मेंढरांचं इचारलं, माझ्या गुडघ्याचं इचारलं, अन् फोन तेजश्रीला दिला.

"आज्जी, हिरीला पाणी हाय का गं?"

"हाय की, बाळा. वरपर्यंत हाय."

"मग आमी हितं कामून आलाव?"

एवढा मोठा गळा माझा. बँक हालवून सोडली त्यानं. पण पोरीला सांगायला शब्द फुटला न्हाई, अन् ती आपली तिकडून आज्जी, आज्जी करत राहिली.