कोनाड्यातली घरघर

मुंबईच्या रेडिओवर लीला गाणार, हे वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा आमच्या वन्सं म्हणाल्या, "गाऊ दे, माझं काय जातं!" आणि तांदूळ निवडता निवडता खडे ताटात ठेवून तांदूळच फेकू लागल्या. सगुणावन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर लेकीला घेऊन माहेरी आलेली. लीला गाणं शिकायला हट्टानं मुंबईस गेली, तेव्हा "पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही" असं वन्संनी उंबऱ्यातून ओरडून सांगितलेलं. पोरीनंही पत्र टाकलं नाही. दोघी एकीपेक्षा एक!

"तोंड पाहायचं नाही ना, मग ऐकायला काय हरकत?" मी म्हटलं.

"तू गप गो," म्हणाल्या, पण डोळे भरले होते.

हे शाळेत शास्त्र शिकवत आणि घरी तारा जोडत. रेडिओच्या बॅटरीतलं तेजाब वन्संच्या सोवळ्यावर सांडलं, तेव्हापासून बॅटरीला घरबंदी. "काय तुझा संसार असेल तो त्या कोनाड्यात मांड, श्रीपत्या. बोटभर बाहेर आलं तर विहिरीत टाकीन!" म्हणून ह्यांनी शेजारच्या रावजीच्या भातगिरणीतून, तिथल्या इंजिनावर होणारी वीज घेतली आणि कोनाड्यात मावेल एवढा डबा केला. ही वीज म्हणे लाटालाटांनी येते. डब्यातला कंडेन्सर लाटेसरशी भरतो आणि मधल्या ओहोटीत पुरवतो, तेव्हा कुठे रेडिओला ती सपाट मिळते. कंडेन्सर लहान पडला की नुसती घरघर. आणि कोनाड्यात मावला तो लहानच.

गाण्याच्या दिवशी सकाळी वन्सं उठल्या त्या हुकूम घेऊनच. "मोठा बसव की! बाहेर आला तर येऊ दे."

"आक्का, मोठा कंडेन्सर भरताना एकदम वीज ओढतो. डब्यातला व्हॉल्व्ह, तो काचेचा दिवा, जळेल."

"बसव म्हणते ना!"

थोरल्या बहिणीपुढे ह्यांचं शास्त्र कधी चाललंय? बसवला. आत निळा जाळ उठला नि व्हॉल्व्ह गेला. आता घरात जादा असा उरला एकच.

वन्सं मटकन खाली बसल्या. "मेलीनं मीच घालवलं. लेक घालवली, आता तिचा आवाजपण," म्हणाल्या नि पदर तोंडाला लावून रडल्या. मला एवढं वाईट वाटलं की चहाचं आधण उतू गेलं तरी कळलं नाही.

ह्यांनी उरलेला व्हॉल्व्ह आणि जुना कंडेन्सर लावला. दुपारी पाहतात तर घरघर दुप्पट! मग म्हणाले, "गिरणीत उकडा, म्हणजे उकडलेलं भात, भरडायला पडला की इंजिन दमतं. लाटा सावकाश येतात, दुसरी यायच्या आत कंडेन्सर रिकामा होतो."

"मग सांगा रावजीला."

"सुगीचे दिवस. बायका सकाळपासून भात घेऊन बसल्यात. कुठल्या तोंडानं सांगू?"

"माझ्या," मी म्हटलं आणि मीच गेले.

रावजी बिचारा इंजिनच बंद करायला निघाला. "अरे, बंद करशील तर वीज कुठली? गिरणीचा पट्टा तेवढा उतरव, इंजिन मोकळं पळू दे!" मी म्हटलं. रांगेतली मैना म्हणाली, "सगुणाबायच्या लीलाचं गाणं? थांबतो की. भात काय पळून जातंय?"

संध्याकाळी पट्टा उतरला आणि घरघर डासाएवढी झाली. मग लीला गायली. काय सुरेख गायली हो! ह्यांचा चेहरा फुलला, मी तर मोकळेपणी रडले. वन्सं कोनाड्याशी कान लावून बसल्या होत्या. गाणं संपलं तरी हलल्या नाहीत.

"चांगली गाते," म्हणाल्या. "पण दोन तानांच्या मध्ये धाप लागते तिला. छातीत घरघर आहे. पूर्वी नव्हती."

"ती डब्याची असेल, आक्का."

"डब्याची मी आठवडाभर ऐकत्येय. ही माझ्या पोरीची आहे." वन्सं उठल्या, खुंटीवरचं लुगडं काढून घडी घालू लागल्या. "श्रीपत्या, उद्याची मुंबईची आगबोट मांडवी बंदरात कधी लागते?"