ठमीच्या दातांतली फट

या, जवळ सरका. एका फटीची गोष्ट सांगते.

माझी बालमैत्रीण ठमी पाव भाजते आणि मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. शिट्टी वाजवून बकऱ्यांना बोलावणाऱ्या मुलीच्या गोष्टीसाठी मी ठमीचाच चेहरा घेतला. हाताच्या सवयीने तिच्या पुढच्या दोन दातांतली फट मात्र बुजवून टाकली. प्रेमानेच हो!

चित्र पाहून ठमीने बोटाने आपली फट चाचपली. मग म्हणाली, "उद्याच दातांच्या डॉक्टरांकडे जाते. इतकी वर्षं तुला खुपत होती, तर सांगायचंस तरी!"

मी तिचा हात धरला. "अगं बये, थांब. तू शिट्टी कुठून वाजवतेस?"

"फटीतूनच की."

"मग वाजव बघू."

तिने वाजवली. गाल आत गेले, एक भुवई वर चढली, सगळा चेहरा उजळला. तीस वर्षांत मी हे कधी पाहिलंच कसं नव्हतं? देवाने घडवलेलं दुरुस्त करायला मी रबर घेऊन बसले होते! तिथेच बसून नवं चित्र काढलं.

"आता कशी दिसतेय?"

"आगाऊ," ठमी म्हणाली आणि डॉक्टरांकडे काही गेली नाही.

देवापुढे हात जोडाल तेव्हा माझ्या ठमीची आठवण ठेवा बरं.