लिमिट स्विचवरून फिरवलेली वायर

हिवाळ्यात लेंपी साल्मेलाच्या घरातल्या दोनच खोल्या जाग्या असायच्या. नवरा गेल्यापासून उरलेल्या चार खोल्यांत तळघरातल्या गॅसच्या भट्टीची गरम हवा सोडणाऱ्या जाळ्यांवर ती जाड सतरंज्या टाकून ठेवी. कॅनडातल्या थंडर बे शहरातल्या साऱ्याच फिनिश म्हाताऱ्यांची ही रीत. रिकाम्या खोलीला ऊब कशाला?

"ओन्नी, तुझ्या एस्कोला तीनदा बोलावलं," कॉफी ओतत ती म्हणाली. "भट्टी सारखी आपोआप बंद पडायची. तिसऱ्यांदा त्यानं काय जादू केली कोण जाणे, आता बंदच पडत नाही. माझं डोकं तेवढं दुखतं."

"कधी?"

"घरात असले की. चर्चमध्ये गेले की थांबतं. पाद्री खूश आहेत!"

ओन्नी राउतिओ हसला नाही. चाळीस वर्षं त्याने घराघरांतल्या भट्ट्या दुरुस्त केल्या होत्या. धंदा मुलाला दिला, तरी परवाना सोडला नव्हता. त्याने खिडक्या सताड उघडल्या.

"अरे, बाहेर उणे अठ्ठावीस आहे, वेड्या!"

"कोट घाल आणि शेजारी जा. डॉक्टरला फोन करायला सांग. आत्ता!"

तळघरात त्याने आधी गॅस बंद केला. मग झाकण काढलं. गाळणी नवी, पंखा स्वच्छ. एस्को कामचुकार नव्हता. जाळ्या झाकल्या की हवा कोंडते, भट्टी तापते. मग लिमिट स्विच आग विझवतो आणि पंखा चालू ठेवतो. स्विच बिघडला नव्हताच, तो आपलं काम करत होता. वर जाऊन चार दारं उघडली असती तर एस्कोला सतरंज्या दिसल्या असत्या. त्याऐवजी त्याने स्विचला वळसा घालून वायर जोडली होती. तिला डावीकडून तीन वेढे. ओन्नी डावखुरा, मुलाला त्याने तसेच वेढे शिकवले होते. ही युक्तीही ओन्नीचीच: तपासायला पाच मिनिटं जोडायची, मग काढायची.

त्याने आत आरसा धरला. न थांबता तापून पत्र्याला बोटभर तडा गेला होता, आणि त्यातून जळलेल्या गॅसचा विषारी, वास नसलेला वायू घरभर जात होता.

त्याने फोन लावला.

"बाबा, वायर काढा," एस्को म्हणाला. "उद्या नवी भट्टी बसवतो, फुकट. भट्टी धोक्याची म्हणून लाल चिठ्ठी तेवढी लावू नका. परवाना जाईल माझा."

"म्हातारी गेली असती."

"गेली नाही ना? आणि तुम्ही काय कधी वायर ठेवली नाहीत?"

"एकदा ठेवली. दुसऱ्या दिवशी काढायला गेलो."

"मीही जाणार होतो."

"कधी?"

"बाबा, दोन लेकरं आहेत माझी."

"ठाऊक आहे," म्हणून ओन्नीने फोन ठेवला.

चिठ्ठीवर 'आधीचा कारागीर' अशी ओळ होती. तिथे त्याने दुकानाचं नाव लिहिलं: राउतिओ आणि मुलगा. मग चिठ्ठी गॅसच्या नळीला बांधली.

शेजाऱ्यांच्या दारातून लेंपी ओरडली, "झाली का रे नीट? रविवारी एस्कोकडे जेवायला जाशील ना, तेव्हा सांग त्याला, मी रागावले नाही म्हणावं."

"तूच सांग त्याला," ओन्नी म्हणाला. "मला आता तिथं कोणी बोलावणार नाही."