पात्र रिकामे झाले की

‘वीसमुखी’ मासिकाच्या पन्नासाव्या अंकासाठी त्याचा इतिहास लिहायला घेतला आणि संपादक मंजुषाचं घोडं नेमकं चौथ्या अंकावर येऊन पेंड खायला लागलं.

पहिल्या तीन अंकांचा इतिहास तिने दोन दुपारींत उरकला होता. तसं पहिल्याच ओळीवर मुकुलशी भांडण झालंच. मुकुल नांदेडचा, डीटीपीचं काम करणारा. मासिकाची पानं तोच लावायचा. “अंक नांदेडला छापला, म्हणजे जन्म नांदेडचा,” असं त्याचं म्हणणं. “लिहिला कुठं? लातूरला!” असं हिचं. आयुक्तालय कुणाचं यावर वर्षानुवर्षं हुज्जत घालणारी ही दोन गावं. त्यांचं मासिकाच्या जन्मगावावर एकमत व्हावं, ही अपेक्षाच चूक. शेवटी ‘लातूर-नांदेड रस्त्यावर जन्म झाला’ असं लिहून दोघांनी तह केला.

मासिक कसलं, तर बैठ्या सोंगांच्या खेळाचं; नावाला मासिक, निघायचं तीन-तीन महिन्यांनी. चार-पाच जणांनी गोल करून बसायचं. एकाने सूत्रधार व्हायचं आणि प्रसंग सांगायचा: गढीचं दार बंद आहे, आत कुणीतरी खोकतंय. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी वैदू, कुणी जासूद, कुणी दरोडेखोर, आणि आपलं पात्र आता काय करणार ते सांगायचं. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. म्हणून नाव ‘वीसमुखी’. मंजुषाच्या वडिलांना, शिवप्पांना, हे रुद्राक्षाचं मासिक वाटलं होतं. लेक धर्माचं काम करायलीय, असं भांड्यांच्या दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते तीन महिने सांगत होते. खरं कळल्यावर थोडे हिरमुसले, पण मुद्रितं तपासायचं काम काही सोडलं नाही.

कारण ते काम त्यांच्याइतकं चोख करणारं दुसरं कुणी नव्हतंच. अप्पा मूळचे उदगीरकडचे, घरात कानडी. मराठी ते शाळेत छड्या खाऊन शिकले, आणि छडीने शिकलेली भाषा माणूस मरेपर्यंत विसरत नाही. मुकुल नांदेडहून एसटीने कागद पाठवायचा, अप्पा गल्ल्यावर बसून लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे, कागद परत एसटीत. खेळ मात्र ते एकदाही खेळले नव्हते. “मला त्यातलं काय कळतंय? मी भाषेपुरता,” म्हणायचे.

चौथा अंक निघाला २०१४ साली. उमरीला बापूसाहेब नावाचे निवृत्त गणिताचे शिक्षक होते, या खेळाचं त्यांना भारी वेड. त्यांनी मराठीत खेळाचे अकरा नियम लिहून पाठवले. नववा नियम असा: ‘पात्र मेले की खेळाडूने उठावे व घरी जावे.’

अप्पांनी तो वाचला. चाळीस वर्षं भांडी विकलेला माणूस. त्यांच्या लेखी पात्र म्हणजे भांडं, आणि भांडं काही मरत नाही; त्याला पोचे पडतात, ते गळतं, रिकामं होतं. मास्तरांचा हात घाईत घसरला असणार. आता मोठ्या माणसाची चूक काय दाखवायची, म्हणून त्यांनी गुपचूप सावरून घेतलं: ‘पात्र रिकामे झाले की खेळाडूने उठावे, भरून आणावे व सर्वांना द्यावे.’ मंजुषा त्या आठवड्यात परीक्षेच्या पर्यवेक्षणात अडकली होती. मुकुलने जे लाल दिसलं ते इमानेइतबारे उतरवलं आणि अंक छापून मोकळा झाला.

छापील अंक हातात पडला तेव्हा मंजुषाच्या तोंडचं पाणी पळालं. पण वाचक पडले भाविक. मासिकात आलंय म्हणजे त्यात काहीतरी गूढ असणारच! त्यांनी आपापसात अर्थ लावला, की ज्याचं पात्र मेलं त्याने उठून सगळ्यांना पाणी द्यायचं, आणि परत येऊन बसायचं. बसलेला माणूस गप्प थोडाच राहतो? कुणी त्याला भूत केलं, कुणी साक्षीदार, कुणी सूत्रधाराच्या मदतीला घेतलं. मुखेडचा गट असा खेळला, मग देगलूरचा. ‘तुझं पाणी आलं रे’ म्हणजे तू आता मरतोस, असा वाक्प्रचारच पडला. सोळा सालच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा लातूरचे खेळाडू आपली पात्रं जिवाला इतकं जपून खेळवत, की त्या दोन महिन्यांत एकही दगावलं नाही. बाकीच्या ठिकाणचे गट फुटले, माणसं पांगली. इथं खेळातून कुणी उठून जातच नव्हतं, म्हणून मासिकही चाललं. पन्नासाव्या अंकापर्यंत चाललं.

फक्त बापूसाहेबांनी त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. मंजुषाने तीन पत्रं घातली, उत्तर नाही. माणूस दुखावला, हे तिने मनाशी धरलं. चूक झाली असं छापावं, तर अप्पांचं हसं होणार. “मासिकात माझ्या हातून एक वेलांटी चुकली न्हाई,” असं अप्पा दुकानात छातीवर हात ठेवून सांगायचे. म्हणून ती गप्प बसली, अकरा वर्षं.

“इतिहासात नववा नियम गाळून कसं चालंल?” मुकुल फोनवर म्हणाला. “लोक पयले तेच पान काढून पाहतील.”

“आणि खरं लिहिलं तर?”

“तर अप्पांचं हसं. अन् खोटं लिहिलं तर बापूसाहेबांच्या नावावर अजून एक खोटं. तू उमरीला चल. मी गाडी काढतो.”

चोराच्या मनात चांदणं असतं. उमरीत त्या दारापाशी पोचेपर्यंत मंजुषाने क्षमेची चार वेगवेगळी वाक्यं पाठ केली होती. बापूसाहेबांनी दार उघडलं तेव्हा त्यातलं एकही आठवेना.

“या, संपादकबाई,” ते म्हणाले. ऐंशीच्या घरातले, ताठ. “मला वाटलंच होतं, एक दिवस तुम्ही याल. तुम्ही काही बोलायच्या आत मला माफी मागायची आहे.”

मंजुषाने मुकुलकडे पाहिलं. मुकुलने खांदे उडवले.

“तो अंक आला तेव्हा मी लालबुंद झालो होतो,” बापूसाहेब सांगू लागले. “माझा नियम बदलला! चार पानी पत्र लिहिलं. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, आमचा खेळायचा दिवस. माझी नात उर्वी तेव्हा दहा वर्षांची. आधीच्या डावात तिचं पात्र पंधरा मिनिटांत मेलं होतं आणि मी माझ्या नियमाने तिला उठवलं होतं. आतल्या खोलीत जाऊन ती इतकी रडली, की परत खेळणार नाही म्हणाली. त्या रविवारी कशीबशी बसवली, तर पुन्हा मेली. पण तिने अंक वाचला होता. उठली, तांब्या भरून आणला, सगळ्यांना पाणी दिलं आणि मला चिकटून बसली. म्हणाली, ‘आजोबा, पुढं काय झालं?’” “ते पत्र मी फाडलं.”

“मग सर, तुम्ही लिहायचं का थांबवलंत?”

“काय तोंडाने लिहू? आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर लाल फुल्या मारल्या. अन् माझी चूक तुम्ही ओळखलीत, सुधारलीत, आणि एका शब्दानेही न बोलता श्रेय माझ्याच नावावर ठेवलंत. तुमची पत्रं आली, तशी अजूनच लाज वाटली. तो नियम माझा नाही, हे कबूल करायची हिंमत नव्हती हो.”

मंजुषाला हसावं की रडावं कळेना. अकरा वर्षं दोन माणसं एकमेकांना तोंड चुकवत होती, आणि दोघांपैकी कुणीच कुणावर रागावलेलं नव्हतं!

“सर, मी नाही सुधारलं,” ती म्हणाली. “आमच्या अप्पांनी. त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. त्यांना वाटलं, पात्र म्हणजे भांडं.”

बापूसाहेब असे हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “अहो, माझ्या नियमात पात्राचा जीव जात होता. तुमच्या अप्पांनी तो भांड्यात पाडला की! लावा त्यांना फोन. आत्ता लावा.”

मंजुषाचा हात थांबला. बापूसाहेबांचं ओझं उतरलं, पण अप्पांचं? सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आता चूक दाखवायची? पण बापूसाहेब हात पुढे करून बसले होते. तिने फोन लावून आवाज मोठा केला आणि त्यांच्या हातात दिला.

बापूसाहेबांनी सगळं सरळ सांगितलं, काही झाकलं नाही. पलीकडे दुकानात कुणीतरी पातेलं वाजवून बघत होतं. ते वाजायचं थांबलं.

“म्हंजी,” अप्पा हळूच म्हणाले, “पात्र म्हंजी भांडं न्हवं?”

“नव्हतं.”

“मग चुकलंच की माझं. अकरा वर्सं झाली. मंजूनं सांगितलं बी न्हाई.”

मंजुषाने मान खाली घातली.

“शिवप्पा,” बापूसाहेब म्हणाले, “मी गणिताचा मास्तर. उत्तर माझं चुकलं होतं. तुमचं बरोबर आलं.”

मग अप्पांनी विचारलं, “तुमच्या नियमानं लेकरं खरंच उठून घरी गेली असती का हो?”

“गेली असती. माझी नात तर गेलीच होती.”

“आन् आता?”

“आता कुणीच जात नाही. मुखेड, देगलूर, कुठंही नाही.”

“मंजू, ऐकायलीस का?” अप्पांचा आवाज एकदम मोकळा झाला. “मग लिव की. अप्पाला कळलं न्हाई, म्हणून चुकलं, असं लिव. आन् लेकरं घरी गेली न्हाईत, हे बी लिव.”

“हाव, अप्पा,” मंजुषा म्हणाली, आणि भडभडून रडली.